रेडिएशन प्रोटेक्शन अँड एन्व्हायर्न्मेंट

प्रारण (रेडिएशन) संरक्षण या विषयाला वाहिलेले भारतीय इंग्रजी संशोधन-त्रैमासिक. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘इंडियन असोसिएशन फॉर रेडिएशन प्रोटेक्शन’ या संस्थेच्या वतीने ते प्रसिद्ध होते. आयनीकारक (अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकणाऱ्या) प्रारणाचे मापन, कामगार, रुग्ण आणि सर्वसामान्य लोक यांना मिळणारी प्रारण-मात्रा (शरीराला मिळालेल्या प्रारणाचे प्रमाण), हवा-पाणी-मातीतील किरणोत्सारी मूलद्रव्ये, रेडॉन वायू, वैद्यकीय उपकरणांची सुरक्षितता हे त्याचे मुख्य विषय. लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतल्यावरच छापले जातात.

नोंदीच्या आरंभीच परिभाषेचा खुलासा आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रांत ‘रेडिएशन’ आणि ‘रेडिओॲक्टिव्हिटी’ या दोहोंसाठी सरसकट ‘किरणोत्सर्ग’ हा एकच शब्द वापरला जातो. विश्वकोशीय परिभाषेत मात्र पहिल्याला प्रारण आणि दुसऱ्याला किरणोत्सर्ग म्हणतात आणि तोच भेद येथे स्वीकारला आहे. हा काटेकोरपणा केवळ शब्दांचा नाही. क्ष-किरण यंत्राचे बटण बंद केले की खोलीत काहीही उरत नाही, कारण त्या नळीत किरणोत्सारी पदार्थ नसतोच. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाचा स्रोत मात्र कोणी बंद करू शकत नाही, तो फक्त शिशाआड झाकता येतो. ‘किरणोत्सर्ग संरक्षण’ असा शब्द रूढ केला, तर क्ष-किरण विभागात दिवसभर उभा राहणारा तंत्रज्ञ त्याच्या अर्थातूनच वगळला जातो. या नियतकालिकाच्या कक्षेत तो पूर्णपणे येतो.

अणुऊर्जेच्या संशोधनासाठी १९५४ मध्ये ट्रॉम्बे येथे स्वतंत्र आस्थापना उभी राहिली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. अणुभट्टीबरोबर तिच्याजवळ काम करणाऱ्या माणसांच्या मात्रेचा हिशोब ठेवणारे शास्त्रही आले. त्याला आरोग्य-भौतिकी म्हणतात. भारतात त्याची घडी बसवणाऱ्यांत ए. के. गांगुली यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण संघटनेची पहिली परिषद १९६६ मध्ये रोम येथे भरली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, भारतीय संस्था स्थापन झाली आणि पुढे ती त्या संघटनेशी संलग्न झाली.

नियतकालिकाचा जन्म केव्हाचा मानावा, याला दोन उत्तरे देता येतात. आजच्या नावाने ते साधारणपणे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून निघते. त्याआधी संस्था ‘बुलेटिन ऑफ रेडिएशन प्रोटेक्शन’ या नावाचे नियतकालिक काढत असे. नियतकालिकाचे नाव बदलले की ते नवे धरून स्वतंत्र नोंद करावी, हा ग्रंथालयांचा संकेत आहे. तो पाळला तर बुलेटिन संपले आणि त्याजागी दुसरे नियतकालिक सुरू झाले, असे म्हणावे लागेल. परंतु खंडक्रमांक वेगळीच साक्ष देतात. २०१० च्या अंकांवर तेहतिसावा खंड असे छापलेले आहे. वर्षाला एक खंड या हिशोबाने मागे गेल्यास पहिला खंड १९७८ चा ठरतो आणि ते बुलेटिनचे वर्ष आहे. म्हणजे संपादकांनी नाव बदलले, पण मोजणी तोडली नाही. प्रस्तुत नोंदीत हाच पुरावा अधिक भक्कम मानला असून आरंभवर्ष १९७८ धरले आहे.

त्या काळाचा संदर्भही ध्यानात घ्यावा. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने १९७७ मध्ये सव्विसाव्या प्रकाशनातून समर्थन (प्रारणाचा वापर हानीपेक्षा अधिक लाभाचा असावा), इष्टतमीकरण (मात्रा व्यवहार्य तितकी कमी ठेवावी) आणि मात्रा-मर्यादा ही तीन तत्त्वे मांडली, तर १९७९ मध्ये वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘सिव्हर्ट’ हे मात्रेचे एकक स्वीकारले. तोवर ‘रेम’ प्रचलित होते. १०० रेम म्हणजे १ सिव्हर्ट, त्यामुळे त्या काळातील लेख आजच्या लेखांशी ताडून पाहताना आकड्यापुढचे एकक आधी पाहावे, अन्यथा शंभरपटीची चूक होते.

नियतकालिकाचा गाभा मात्रामितीचा, म्हणजे मात्रेच्या मोजमापाचा आहे, आणि त्यातील एक वस्तू मुंबईच्या रुग्णालयांतही रोज दिसते: छातीवर लावलेला ‘टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर) बॅज’, म्हणजे मात्रा मोजणारा बिल्ला. भारतात १९७५ च्या सुमारास त्याने छायाचित्रण-फिल्म वापरणाऱ्या फिल्म बॅजची जागा घेण्यास सुरुवात केली. बॅज उघडला तर आत कागदात गुंडाळलेली निकेलचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची पातळ पट्टी निघते. तिच्यावर ०.८ मिलिमीटर जाडीच्या तीन पांढऱ्या चकत्या बसवलेल्या असतात. कॅल्शियम सल्फेटात किंचित डिस्प्रोशियम मिसळून ती भुकटी टेफ्लॉनमध्ये बसवली की अशी चकती तयार होते. एका चकतीवर धातूची गाळणी येते, दुसरीवर प्लॅस्टिकची, तिसरी उघडी राहते. तिघींच्या नोंदींतील फरकावरून बीटा, क्ष आणि गॅमा किरण वेगळे ओळखता येतात. प्रारणाची ऊर्जा चकतीतील स्फटिकांत साठून राहते आणि वाचनयंत्रात गरम नायट्रोजनचा झोत लागताच प्रकाशरूपाने बाहेर पडते. तो प्रकाश म्हणजे त्या माणसाला मिळालेली मात्रा. रुग्णालयांतील बॅज सहसा दर तीन महिन्यांनी बदलतात. बॅज ॲप्रनच्या खिशात किंवा कपाटात राहिला तर सारी मोजणी खोटी ठरते. चकतीच्या संवेदनशीलतेवर कितीही संशोधन झाले, तरी ती छातीवर असणे हीच पहिली अट आहे.

अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. त्याचे मुख्यालय मुंबईतच, अणुशक्तीनगर येथे आहे. भारतात प्रारणाशी संबंधित कामगारांसाठी सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका वर्षासाठी ५० पर्यंत मुभा असल्याने भारतीय मर्यादा अधिक कडक ठरते. सर्वसामान्य लोकांसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे.

नावात ‘एन्व्हायर्न्मेंट’ आले, ते विषयाच्या विस्ताराचे द्योतक होते. अणुवीज केंद्राच्या आसपास पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते आणि भट्टी सुरू होण्याआधीपासून ती परिसरातील नमुने गोळा करते. दूध, भाजीपाला, मासळी, विहिरीचे पाणी, किनाऱ्याची वाळू यांबरोबर शेळीची थायरॉईड ग्रंथीही त्यांत असते. हवेतील आयोडीन-१३१ गवतावर बसते, गवत शेळी खाते आणि आयोडीन थेट त्या छोट्या ग्रंथीत एकवटते; म्हणून हवेत सहजी सापडणार नाही इतका अंशही तेथे पकडता येतो. नैसर्गिक प्रारणाचा अभ्यासही तितकाच महत्त्वाचा आहे. मुंबईच्या पायाखालचा दख्खनचा काळा कातळ युरेनियम व थोरियमच्या दृष्टीने गरीब आहे, तर केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाच्या वाळूमुळे तेथील पार्श्वभूमी प्रारण कित्येक पटींनी जास्त भरते.

विषयातील जुन्या परदेशी नियतकालिकांत १९५८ पासून निघणारे अमेरिकेतील ‘हेल्थ फिजिक्स’ प्रमुख आहे, आणि भारतीय संशोधकांचे ठळक काम अनेकदा तिकडेच जाते. केरळमधील करुनागपळ्ळी येथील रहिवाशांचा कर्करोगविषयक दीर्घ अभ्यास २००९ मध्ये तेथेच प्रसिद्ध झाला. मुंबईच्या त्रैमासिकाचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. एखाद्या जिल्ह्यातील पिण्याच्या पाण्यातले युरेनियम, घरांतील रेडॉन किंवा क्ष-किरण कक्षांची पाहणी यांसारखी स्थानिक मोजमापे येथे तपशिलाने छापली जातात, आणि पुढील तुलनेसाठी नेमके तेच आकडे लागतात. अलीकडच्या काळात त्याच्या प्रकाशनाची बाजू मुंबईतच सुरू झालेल्या मेडनो या प्रकाशनसंस्थेकडे आली. ती संस्था २०११ मध्ये वॉल्टर्स क्लूवर समूहात गेली. त्रैमासिकाचे लेख महाजालावर विनामूल्य वाचता येतात.