स्थानिक स्वराज्य संस्थांतील लहान पक्ष : महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

विधानसभेत एकही आमदार नसलेला पक्ष एखाद्या नगरपालिकेत सत्ता कोणाची येणार हे ठरवतो, असे चित्र महाराष्ट्रात अनेक दशके दिसत आले आहे. त्याकडे केवळ सौदेबाजी म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. मात्र हे पक्ष कोठे रुजले आणि कोठे उखडले गेले हे तपासले, तर त्यांच्या स्थानिक कामाइतकाच निवडणुकीच्या नियमांचाही त्यात वाटा दिसतो. या नियमांची चर्चा फारच कमी होते.

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा असून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. सहकारी संस्थांच्या जाळ्यामुळे बहुतेक जिल्ह्यांत काँग्रेसचेच वर्चस्व राहिले, तरी काही पट्टे तिच्या हाती पूर्णपणे कधीच आले नाहीत. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षाने अलिबाग परिसरात आणि रायगड जिल्हा परिषदेत दीर्घकाळ पाय रोवले. तलासरी-डहाणू भागात १९४५ च्या वारली उठावातून उभी राहिलेली कम्युनिस्टांची संघटना पुढे पंचायत समितीपर्यंत पोहोचली. या दोन्ही ठिकाणी आधी कूळ, वेठबिगार आणि मजुरीचे लढे झाले, मग मते मिळाली.

शहरांत वाट वेगळी होती. संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र आलेल्या पक्षांच्या बळावर १९५८ मध्ये कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर मुंबईचे महापौर झाले. जून १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने पहिले मोठे यश १९६७ मध्ये ठाणे नगरपालिकेत मिळवले आणि १९६८ ची मुंबई महानगरपालिकेची निवडणूक प्रजा समाजवादी पक्षाशी युती करून लढवली. त्यानंतर मुंबईत स्वबळावर सत्ता येईपर्यंत १९८५ साल उजाडले. पुढे मोठा झालेला हा पक्ष जवळजवळ दोन दशके नगरसेवकांचाच पक्ष होता, हे सहज विसरले जाते.

अकोल्यात १९९० च्या दशकात प्रकाश आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली दलित, ओबीसी आणि भटक्या समाजांची मोट बांधून जिल्हा परिषदेत जी सत्ता उभी राहिली, ती ‘अकोला पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते. वसई-विरारमध्ये हितेंद्र ठाकूर यांच्या बहुजन विकास आघाडीने २०१५ मध्ये ११५ पैकी १०६ जागा जिंकल्या. नाशिकमध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने २०१२ मध्ये १२२ पैकी ४० जागा घेऊन महापौरपद मिळवले आणि २०१७ मध्ये ती ५ जागांवर आली. नांदेडमध्ये २०१२ साली ११ जागा मिळवून एमआयएमने राज्याच्या राजकारणात प्रवेश केला, तोही महानगरपालिकेच्याच दारातून.

नाशिकमधील घसरणीमागे कारभाराबद्दलची नाराजी आणि पक्षांतरे होतीच, पण २०१२ मध्ये दोन सदस्यांचा असलेला प्रभाग २०१७ मध्ये चार सदस्यांचा झाला होता, हेही लक्षात घ्यावे लागते. मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिकांत २००२ मध्ये तीन सदस्यांचा, २००७ मध्ये एक सदस्याचा, २०१२ मध्ये दोनचा आणि २०१७ मध्ये साधारणपणे चारचा प्रभाग होता. म्हणजे सलग चार निवडणुका चार वेगवेगळ्या रचनांवर झाल्या. एका गल्लीत वर्षानुवर्षे पाण्याचे आणि गटाराचे काम करून नाव कमावलेला कार्यकर्ता एक सदस्याच्या प्रभागात निवडून येऊ शकतो. चार सदस्यांच्या प्रभागात मात्र त्याला कितीतरी मोठ्या लोकसंख्येसमोर जावे लागते, आणि अ, ब, क, ड या चारही जागांसाठी, त्यांतील महिला व इतर आरक्षणे सांभाळून, पॅनेल उभे करावे लागते. मान्यता नसलेल्या पक्षाला मुक्त चिन्हांतून चिन्ह मिळते आणि तेही माघारीची मुदत संपल्यावर, म्हणजे मतदानाला थोडेच दिवस उरलेले असताना. जागांचे आरक्षण सोडतीने आणि चक्राकार पद्धतीने ठरत असल्याने, एकाच नेत्यावर उभ्या असलेल्या पक्षाचा हक्काचा प्रभाग ऐन वेळी हातातून जातो. मोठा पक्ष असा नेता शेजारच्या प्रभागात हलवू शकतो. लहान पक्षाला बहुतेक वेळा शेजारचा प्रभागच नसतो.

निकालानंतरचे गणितही कायद्यानेच ठरते. राज्यघटनेतील पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची संसद आणि विधिमंडळांपुरती असल्याने महाराष्ट्राने १९८६ मध्ये स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम केला आणि त्यात राजकीय पक्षाबरोबर ‘आघाडी’लाही स्थान दिले. त्यामुळेच निवडणूक संपताच गटनोंदणीची, म्हणजे निवडून आलेल्यांचा गट अधिकृतपणे नोंदवण्याची, धावपळ सुरू होते; महानगरपालिकेत विभागीय आयुक्तांकडे आणि नगरपालिका, जिल्हा परिषदेत जिल्हाधिकाऱ्यांकडे. या धावपळीचे मोठे कारण समित्यांच्या वाटपात आहे. मुंबईखेरीज इतर महानगरपालिकांत स्थायी समिती १६ सदस्यांची असते आणि तिच्या जागा गटांच्या संख्याबळानुसार वाटल्या जातात. सभागृह ८० जणांचे असेल तर साधारण पाच नगरसेवकांमागे एक जागा येते. तीन नगरसेवक असलेला पक्ष दोन अपक्षांना जोडून गट नोंदवतो तो या एका जागेसाठी, कारण शहराचे मोठे ठेके आणि अंदाजपत्रक तेथूनच पुढे सरकते.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाही. तेथे पॅनेल असतात, आणि एकाच पॅनेलमध्ये तीन-चार पक्षांचे लोक असणे कोणालाच वावगे वाटत नाही.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पाच वर्षांची मुदत आणि स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग यांची हमी दिली होती. तरीही ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात २०२२ पासून राज्यातील बहुतेक मोठ्या संस्थांवर प्रशासक राहिले, आणि चार महिन्यांत निवडणुका घेण्याचे निर्देश ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला द्यावे लागले. या काळात मोठ्या पक्षांकडे आमदार, खासदार आणि मंत्री होते. ज्या पक्षाची सगळी ओळख चार-पाच नगरसेवकांच्या संपर्क कार्यालयांत होती, त्याच्याकडे लोकांची तक्रार घेऊन सभागृहात उभे राहणारे कोणी उरलेच नव्हते.