खाली दुकान, वर बिऱ्हाड: खान्देशातल्या जुन्या पेठांच्या पुनर्विकासाची पार्श्वभूमी

मे संपत आला की महापालिकेची माणसं जुन्या गल्ल्यांत हिंडायला लागतात. धुळ्यात असो की जळगावात, चित्र तेच. धाब्याच्या घराच्या पुढच्या भिंतीवर नोटीस लागते: इमारत धोकादायक आहे, रिकामी करावी. मालक नोटिशीचा फोटो काढून वकिलाकडे जातो, भाडेकरूही फोटो काढून दुसऱ्या वकिलाकडे जातो. पाऊस पडतो, एखाद्या ठिकाणी मागची भिंत बसते. दिवाळीत त्याच ओट्यावर पणत्यांचा ढीग विकायला असतो.

अशा घरांच्या जागी 'मिक्स्ड यूज' इमारती उभ्या करा, खाली दुकानं, वर भाड्याची घरं, आणि आत्ताच्या भाडेकरूंना तोवर दुसरीकडे हलवा, ही चर्चा आता वारंवार होते. नाव इंग्रजी असलं तरी वस्तू आपल्याकडे दोनशे वर्षं जुनी आहे. आपल्या पेठा मुळात अशाच बांधल्या गेल्या. मग ती रीत मोडली कुठे, आणि भाडेकरू जागचा का हलत नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खान्देश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पहिला मोठा अधिकारी. त्याने ठाणं म्हणून धुळं निवडलं. 1819 मध्ये तिथं 401 घरं आणि 2,509 माणसं होती, एवढंसं गाव. पांझरा नदी आणि पाटाच्या मधे अडकलेलं, भोवती बागाईत. ब्रिग्जने जुन्या गावाला लागून नवं शहर आखलं. सरळ रस्ते, एकमेकांना समांतर गल्ल्या. आजही धुळेकर पत्ता सांगताना 'गल्ली नंबर चार' म्हणतो, ती सवय या आखणीतून आली. पण मला आखणीपेक्षा त्याने घातलेल्या अटी जास्त महत्त्वाच्या वाटतात. घरासाठी जागा कायमची बिनभाड्याची दिली. वर पक्कं घर बांधायला उचल दिली, जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून आलेल्यांना, दोघांनाही. म्हणजे शहर वसवायचं तर सरकारने आधी खिशात हात घातला. आजच्या पुनर्विकासाच्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट सगळ्यांत आधी गळते.

या गल्ल्यांत जे घर उभं राहिलं त्याला पुढे ओटा, ओट्यामागे दुकान, दुकानामागे वखार किंवा चौक आणि वर माडी. सागाचे खांब, कडीपाट, वर मातीचं धाबं. घर मोजायचं ते खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत. मालक वर राहायचा, नाहीतर मागे राहायचा आणि वरचे दोन खण एखाद्या मास्तरला, कारकुनाला भाड्याने द्यायचा. भाडं हा व्यापाऱ्याचा नियमित उत्पन्नाचा भाग होता. कपाशीचा भाव पडला तरी खोल्यांचं भाडं महिन्याला येतच असे.

जळगाव वाढलं ते कापसावर. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस थांबला आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं तसा भाव कोसळला, जळगावच्या व्यापाऱ्यांना तो फटका चांगलाच बसला. पण तोवर रेल्वे आली होती, मागून जिनिंग-प्रेसिंग आणि खान्देश मिल आली. स्टेशन आणि जुनं गाव यांच्या मधे पेठा भरत गेल्या. पोलन पेठेचं नाव पोलन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यावरून पडलं, हे तिथं दुकान थाटून बसलेल्या अनेकांना ठाऊक नसतं. 1906 मध्ये खान्देशचे दोन जिल्हे झाले, पूर्वचं ठाणं जळगाव, पश्चिमचं धुळे. कचेऱ्या आल्या, कोर्टं आली, त्यांच्यामागे वकील, कारकून, शाळामास्तर आले. यातला बहुतेक माणूस बदलीचा. त्याला घर विकत नको होतं, भाड्याने हवं होतं. आणि ते पेठेत मिळायचं.

मग 1940 आलं.

दुसरं महायुद्ध सुरू होतं, महागाई होती, शहरांत माणूस मावत नव्हता. भाडी बेफाम वाढू नयेत म्हणून मुंबई सरकारने लगाम घातला. पुढे 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने तो पक्का केला. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं ते 'प्रमाणित भाडं' ठरलं. खान्देश मुंबई इलाख्यात, म्हणून हा कायदा आपल्याला लागला. मुक्ताईनगर ओलांडून मलकापूरला गेलं की वऱ्हाड, तिथं मध्य प्रांत-वऱ्हाडचा हुकूम. अजिंठ्याचा घाट चढला की निजामाचा जुना मुलूख, तिथं हैदराबादचा कायदा. तीन शेजारी, तीन कायदे, आणि सगळ्यांत घट्ट गाठ आपल्या वाट्याला आली.

त्या काळी कायदा गरजेचा होता, यात शंका नाही. युद्ध संपल्यावर तो सैल करायचं मात्र कुणाला सुचलं नाही, किंवा मतांच्या हिशेबात सुचलं तरी कुणी केलं नाही. सोनं वाढलं, साखर वाढली, घरपट्टी वाढली. भाडं तिथंच. दुरुस्तीचा एक गवंडी एका दिवसाला जेवढे घेतो तेवढं अख्ख्या माडीचं वर्षाचं भाडं, अशी वेळ आली. मालकाने खारी माती आणून धाब्यावर घालणं बंद केलं. धाबं गळायला लागलं, कडीपाट कुजला. जी घरं आज 'धोकादायक' म्हणून यादीत आहेत त्यांच्यापैकी बरीच वयाने नव्हे, या दुर्लक्षाने मेली आहेत.

याच काळात पगडी आली. भाडं वाढवता येत नाही, तर आत येतानाच एकरकमी घ्या. पावतीवर वीस रुपये, टेबलाखालून काही हजार. कायद्याने गुन्हा, बाजारात रिवाज. 1973 मध्ये आणखी एक ठोसा बसला. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे लोक 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहत होते त्यांना कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरू मानलं गेलं. तात्पुरता ठेवलेला माणूस एका रात्रीत कायमचा झाला. त्यानंतर खान्देशातल्या घरमालकाच्या मनात जी भीती बसली ती आजही अकरा महिन्यांच्या कराराच्या रूपाने जिवंत आहे. अनेकांनी खोली कुलूप लावून ठेवणं पसंत केलं.

माझ्या मामांचं शिवणकामाचं दुकान धुळ्यात असंच एका ओट्यावर होतं, वर दोन खणांत घर. मामांकडे पत्र्याची एक पेटी होती, तीत भाडेपावत्या. मालकाने एका वर्षी भाडं घ्यायचं बंद केलं. भाडं थकलं की दावा लावता येतो, हा त्यामागचा डाव. मामा दर महिन्याला पोस्टात जाऊन मनीऑर्डर करत. ती परत येई, 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन. परत आलेली पावती पेटीत. मालक आणि मामा रोज सकाळी एकाच टपरीवर चहा प्यायचे, बोलायचे, फक्त भाड्याचा विषय काढायचे नाहीत. पुढे मालकाचा मुलगा बिल्डरला घेऊन आला, 'दीड वर्षात नवं दुकान देतो' म्हणाला. मामा म्हणाले, "आप्पा, घर सोडसूत, पन पहिले लिखी द्या." लिहून काही मिळालं नाही. मामाही हलले नाहीत.

कायद्याची बाजू पाहिली तर मामांचा हट्ट वेडगळ नव्हता. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतकी वर्षं गोठवलेलं भाडं आता समर्थनीय राहिलेलं नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. वऱ्हाड, मराठवाडा आणि आपण, तिन्ही एका कायद्याखाली आलो. दरवर्षी 4 टक्के वाढ मिळाली, पण ती जुन्या आकड्यावर. तीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया वीस पैसे. पगडी मात्र कायदेशीर झाली. आणि इमारत पाडून नवी बांधायची म्हणून भाडेकरूला काढायचं असेल, तर मालकाकडे पैसा आहे का, नकाशे रीतसर आहेत का, याची कोर्टाने खात्री करायची आणि नव्या इमारतीत परत यायचा भाडेकरूचा हक्क राहायचा, अशी तरतूद राहिली. कागदावर भाडेकरू सुरक्षित आहे. पण कोर्टात हक्क मिळवायला दहा-पंधरा वर्षं गेली तर शिलाई मशीन कुठं मांडायचं, याचं उत्तर कायद्यात नाही.

मुंबईत याचं उत्तर निघालं, चांगलं-वाईट कसंही. 1969 मध्ये तिथं जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ झालं, मालकांकडून उपकर घेतला जाऊ लागला, संक्रमण शिबिरं, म्हणजे तोवर राहायची तात्पुरती घरं, उभी राहिली. 19 हजारांहून जास्त इमारती त्या छत्राखाली आल्या. तिथल्या जागेचा भावच असा की भाडेकरूला फुकट घर देऊन उरलेले फ्लॅट विकले तरी बिल्डर सुटतो. हे सगळं फक्त मुंबई शहरात. धुळ्याच्या गल्लीत ना उपकर, ना मंडळ, ना संक्रमण शिबिर. आणि वरचा फ्लॅट विकून खालच्या आठ भाडेकरूंचा खर्च निघेल असा भावही नाही. मुंबईचं गणित उचलून जळगावात मांडणाऱ्यांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

डिसेंबर 2020 मध्ये राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली, तीत धोकादायक इमारतींना जादा चटईक्षेत्राची, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची, सोय आहे. पण पेठेत अडचण रस्त्याच्या रुंदीची. मूळ नियमावलीत 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही. आपल्या कितीतरी गल्ल्यांत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. त्यात प्लॉट चिंचोळे आणि लांबुळके, शेजाऱ्याशी भिंत सामायिक. एक घर पाडलं की दुसऱ्याला टेकू द्यावा लागतो. शिवाय सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव आणि वारस चौदा. त्यातले चार पुण्यात, दोन सुरतेत, एकीचा पत्ताच नाही. बिल्डर पहिल्या बैठकीत उतारा बघतो आणि दुसऱ्या बैठकीला येत नाही.

भाडेकरूंच्या अविश्वासामागे आणखी एक इतिहास आहे, तो पेठेबाहेरचा. 'पुनर्वसन' हा शब्द खान्देशात धरणांबरोबर आला. उकाईच्या पाण्याने नवापूरकडची गावं उठवली, हतनूरने तापीकाठची. सरदार सरोवराने महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, सगळी नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी भागातली. प्रकल्पग्रस्तांसाठी राज्याने 1976 मध्ये कायदा केला, असं करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. तरी जमिनीसाठी माणसं वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिली. शहरातला भाडेकरू तर 'प्रकल्पग्रस्त'ही नाही. तो कुठल्याच रकान्यात बसत नाही.

जळगावात याहून जवळचा अनुभव आहे. 1990 च्या दशकात झोपडपट्टीवासीयांसाठी घरकुल योजना आली. अकरा हजारांवर घरं बांधायची होती. बहुतेक पुरी झाली नाहीत, कित्येक सांगाडे तसेच राहिले. 2006 मध्ये तक्रार दाखल झाली आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवलं. पुढे वरच्या कोर्टात अपिलं झाली. कायद्याचा निकाल काहीही लागो, 'आत्ता जागा सोडा, मग पक्कं घर देतो' या वाक्याची पत जळगावात त्या सांगाड्यांबरोबर गेली. दुसरा धडा महापालिकेच्या स्वतःच्या मार्केटचा. 2012 मध्ये गाळ्यांच्या कराराची मुदत संपली आणि नवं भाडं किती, नूतनीकरण की लिलाव, यावरून गाळेधारक आणि पालिका वर्षानुवर्षं भांडत राहिले. खुद्द सरकारी मालक असूनही जर प्रश्न सुटत नसेल, तर चौदा वारसांच्या वाड्यात कसा सुटणार, असं व्यापारी उघड विचारतात.

या सगळ्यात भाड्याचं घर कुठं आहे? जवळजवळ कुठंच नाही. पेठेत जो काही पुनर्विकास होतो त्यात खाली दुकानं विकतात, वर फ्लॅट विकतात. भाड्यासाठी म्हणून इमारत बांधणारा माणूस 1940 नंतर संपला. 2020 च्या जुलैमध्ये, लॉकडाऊनमध्ये मजूर पायी घरी गेल्यावर, केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली. 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदाही मंजूर झाला. दोन्हींमागचा विचार बरा, पण एमआयडीसीतला कामगार आणि परीक्षेची तयारी करणारी पोरं आजही राहतात ती कॉलन्यांतल्या बंगल्यांच्या वरच्या खोल्यांत, पेठेत नाही. पेठेतल्या माड्यांवर कबुतरं राहतात.

मामा गेले तेव्हा पेटी मामींकडे आली. शेवटी वारसांपैकी एकाने करार केला, रजिस्टर केलेला, दुकानाच्या नकाशासकट, बांधकाम होईपर्यंत दर महिन्याचं भाडं ठरवून. मामींनी तो तीन वेळा वाचून घेतला आणि मग सही केली. आता तिथं शटरची सहा दुकानं आहेत, त्यातलं शेवटचं, जिन्याशेजारचं, मामेभावाचं. शिवणकाम बंद झालं, तो मोबाइलची कव्हरं विकतो. वरचे चार फ्लॅट विकले गेले. दोन बंद आहेत. ओटा राहिला नाही, रस्तारुंदीत गेला, म्हणून दुपारी तो खुर्ची घेऊन शटरच्या आतच बसतो.