दहावा प्लॉट दुसऱ्याच्या आधी का येतो?

नागपुरात बेसा रोडकडच्या एका लेआउटची प्लॉटधारकांची यादी मी संगणकावर चढवली. पहिल्याच प्रिंटमध्ये क्रम आला तो असा: प्लॉट 1, प्लॉट 10, प्लॉट 100, प्लॉट 101... आणि प्लॉट 2 थेट तिसऱ्या पानावर. वर्गणी गोळा करणाऱ्या काकांनी कागद परत दिला. "भाऊ, अशा यादीनं घरोघरी फिरू कसा मी?"

यंत्र मात्र नियमानंच चाललं होतं. 1963 साली आलेल्या ॲस्की या संगणकी चिन्हांच्या तक्त्यात '1' या चिन्हाचा क्रमांक 49, '2' चा 50. मजकुराची तुलना डावीकडून एकेक चिन्ह घेऊन होते. 49 लहान ठरला की निकाल लागला; एकच्या मागे शून्य आहे की नाही, तिथवर कोणी जातच नाही. शाळेत बेरीज मांडताना आपण एककाखाली एकक लिहितो. इथे दहाचा दशक दोनच्या एककाशी भिडतो.

पंचकार्डांच्या, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डांच्या, काळात हे सहसा घडत नसे. आयबीएमच्या 1928 च्या 80 स्तंभी कार्डावर आकड्याला ठरलेली घरं असत, आणि सॉर्टर, म्हणजे कार्डं क्रमानं लावणारं यंत्र, एककाच्या स्तंभापासून सुरुवात करून डावीकडे सरकत जाई. आकडा मजकुरात मिसळला, त्याची घरं सुटली, तिथून घोळ सुरू झाला. फाइलींना 001, 002 अशी नावं देण्याची सवय मला त्या घरांचीच आठवण वाटते. पण घराच्या फाटकावर 002 कोण लिहितो?

ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी स्टुअर्ट चेशायर या प्रोग्रामरनी यावर तोड काढली होती. पुढे मार्टिन पूल या प्रोग्रामरनी 2000 साली सी या प्रोग्रामिंग भाषेत छोटं फंक्शन, म्हणजे एक ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा, लिहिलं: सलग आलेले अंक तोडायचे नाहीत, पूर्ण संख्या म्हणून तोलायचे. वेबसाइटसाठीच्या पीएचपी या भाषेनं तेच उचललं. 2001 च्या विंडोज एक्सपीत फोल्डरमधल्या फाइलीही अशाच लागू लागल्या. तरी पेच उरतोच: 1.10 हे 1.9 च्या नंतर की आधी? सॉफ्टवेअरची आवृत्ती असेल तर नंतर, दशांश अपूर्णांक असेल तर आधी. हे लिहिणाऱ्यानंच ठरवायचं.

मराठीची अडचण आणखी वेगळी. पूल यांचं फंक्शन 1, 2, 3 असे इंग्रजी अंकच ओळखतं. '१०' त्याला निव्वळ अक्षरं. आमच्या जुन्या रजिस्टरातून आलेल्या नोंदी देवनागरी अंकांत होत्या, नव्या इंग्रजी अंकांत. युनिकोडवर, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक चिन्हतक्त्यावर, आधारलेल्या क्रमवारीत 'न्यूमेरिक' पर्याय चालू केला की दोन्ही अंक त्यांच्या किमतीनं मोजले जातात. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या 'इंटल कोलेटर' या क्रम लावणाऱ्या सोयीमधला तो पर्याय चालू केला, आणि 'प्लॉट १०' व 'प्लॉट 10' नऊ आणि अकराच्या मध्ये शेजारी शेजारी येऊन बसले.