पार्श्वभूमी : स्टेजच्या कडेचा दुसरा मिक्सर

माईकने शिट्टी मारली की प्रेक्षकांच्या माना मागे वळतात. हॉलच्या मध्यावर मिक्सर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज एकत्र करणारे यंत्र, घेऊन बसलेला साउंडवाला आयताच नजरेच्या टप्प्यात असतो, त्यामुळे दोषही त्याच्याच माथी बसतो. पुष्कळदा ती शिट्टी स्टेजवरच्या मॉनिटरची, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरची असते, आणि मॉनिटर सांभाळणारा माणूस विंगेत, काळ्या पडद्याआड दुसऱ्या मिक्सरवर उभा असतो. लाइव्ह साउंडचा इतिहास सांगताना लोक स्पीकरच्या वाढत्या भिंती मोजतात. हा दुसरा मिक्सर कुठून आला, हे क्वचितच कोणी सांगते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात आटपता येतो. १९१५च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या जमावाला ध्वनिवर्धकातून भाषण आणि संगीत ऐकवले गेले. पुढची कित्येक दशके ध्वनिवर्धन म्हणजे मुख्यतः भाषण लोकांपर्यंत पोहोचवणे. गाणाऱ्याला स्वतःचे गाणे ऐकू येते की नाही, हा प्रश्नच नव्हता, कारण वाद्ये हळू होती आणि हॉल लहान.

तो प्रश्न उभा राहिला इलेक्ट्रिक गिटार आणि स्टेडियममुळे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये एका इंग्लिश चौकडीपुढे ५५ हजारांहून अधिक लोक होते. गिटारसाठी १०० वॅटचे खास अॅम्प्लिफायर होते, गायकांचे आवाज मात्र स्टेडियमच्या घोषणा करायच्या यंत्रणेतून गेले. मॉनिटर नव्हतेच. पुढच्यांच्या हालचाली पाहून आपण ताल धरत होतो, असे त्या ड्रमरने नंतर सांगितले आहे. गंमत म्हणजे, कलाकाराकडे तोंड करून स्पीकर ठेवण्याचा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मैफलीत १९६१ मध्येच झाला होता. युक्ती ठाऊक होती. ती सर्रास व्हायला आणखी दहा वर्षे गेली.

आता या शब्दाचा गुंता. स्टुडिओत मॉनिटर म्हणजे इंजिनियरचा स्पीकर : रेकॉर्ड होणाऱ्या आवाजावर देखरेख ठेवायचे साधन. स्टेजवर आला तेव्हा शब्द तोच राहिला, ऐकणारा बदलला. इथे मॉनिटर कलाकार ऐकतो, आणि त्यात काय जावे ते इंजिनियर ठरवतो. ब्रिटनमधल्या जुन्या लोकांचा ‘फोल्डबॅक’ हा शब्द जास्त प्रामाणिक होता, आवाज दुमडून परत स्टेजकडे पाठवला, एवढेच तो सांगतो. पण टिकला ‘मॉनिटर’, आणि त्यातून मजेशीर परिस्थिती झाली. मॉनिटर इंजिनियरला कलाकार काय ऐकतोय ते तपासायला स्वतःच्या पायाशी आणखी एक स्पीकर लागतो, म्हणजे मॉनिटरचा मॉनिटर. समोरच्या इंजिनियरचे ‘एफओएच’ हे नावही नाटकाकडून उसने घेतलेले. तिकडे ‘फ्रंट ऑफ हाउस’मध्ये तिकीट तपासणारेही येतात.

खरा वाद दुसरा मिक्सर हवा की नको, यावर झाला. सुरुवातीला मॉनिटरचे मिक्स समोरच्याच मिक्सरच्या ऑक्झिलरीतून, म्हणजे वेगळे मिक्स बाहेर पाठवायच्या जादा वाटेतून निघत. एकच माणूस, एकच मिक्सर. पण तो तीस-चाळीस मीटर लांब बसून गायिकेच्या पायाशी काय वाजतेय याचा अंदाज बांधणार कसा? ती बोटाने ‘वर’ खुणावते. नेमके काय वर करायचे, तिचा आवाज की पियानो? म्हणून प्रत्येक माईकचा सिग्नल स्टेजवरच दोन वाटांना फोडायचा, एक वाट समोर, एक विंगेत, असा उपाय निघाला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही पोकळ नव्हते. फोडणीचा खोका, दुसरा मिक्सर, दुसरा पगार, ट्रकमध्ये आणखी जागा. शिवाय स्टेजच्या कडेचा माणूस कलाकाराला खूश ठेवायला आवाज वाढवत नेतो, तो आवाज स्टेजवरून हॉलमध्ये सांडतो आणि समोरच्याचे मिक्स गढूळ होते. लहान हॉलमध्ये हे आजही होते. समोरचा माणूस गिटारचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती कळ, पूर्ण खाली आणतो, तरी गिटार ऐकू येतच राहते.

तरीही मला दुसऱ्या मिक्सरची बाजू बळकट वाटते, कारण शिट्टीचे गणित लांबून सुटत नाही. स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून फिरत राहिला की शिट्टी होते. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचे ऐकणारा माईक पाठीमागून जवळपास बहिरा असतो, म्हणून वेज, म्हणजे गायकाकडे तिरका बघणारा मॉनिटर, गायकाच्या बरोबर समोर, जमिनीवर. त्याचाच अधिक अरुंद भाऊ सुपरकार्डिऑइड सर्वांत बहिरा असतो समोरून मोजल्यास सुमारे १२६ अंशांवर, म्हणून त्याच्यासाठी दोन वेज तिरके मांडतात. गायकाने जोशात माईकची जाळी मुठीत धरली की मागची छिद्रे बंद होतात, माईक सगळीकडून ऐकू लागतो आणि सगळी मांडणी वाया जाते. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी आवाज वाढवायला हाताशी असलेली जागा साधारण ३ डेसिबलने घटते. ‘रिंगिंग आउट’ करताना, म्हणजे मुद्दाम आवाज वाढवून शिट्टी येऊ देऊन ती पट्टी इक्वलायझरवर (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करायच्या साधनावर) कापताना, प्रत्येक कापासोबत आवाजाचाही एक तुकडा जातो. किती कापायचे, हे वेजजवळ उभे राहूनच ठरवता येते.

हा वाद मुळातच मोडीत काढायचा एक भव्य प्रयत्न १९७४ मध्ये अमेरिकेत झाला. एका बँडने मॉनिटरच रद्द केले. सहाशेहून जास्त स्पीकरची भिंत वादकांच्या पाठीमागे उभारली, म्हणजे प्रेक्षक जे ऐकतील तेच वादक ऐकतील. शिट्टी टाळायला प्रत्येक गायकासाठी दोन माईक उलट पोलॅरिटीत, म्हणजे एकाचा सिग्नल उलटा करून, जोडले. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा शिरे आणि एकमेकाला खोडे, गायक फक्त वरच्या माईकमध्ये गाई. चाले, पण आवाज जरा पातळ लागे. पंचाहत्तरेक टनांचा तो पसारा ट्रकांतून हिंडवणे परवडेना, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरनंतर तो दौऱ्यावरून उतरला. कल्पना सुंदर होती. ती मागे पडली याचे मला थोडे वाईटच वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मॉनिटर इअरफोन होऊन कानात शिरू लागले. वेज गेले, शिट्टीही जवळजवळ गेली, स्टेज शांत झाले. पण कान बंद झाल्यावर गायकाला प्रेक्षक ऐकू येईनात. मग स्टेजच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून माईक लावायचे आणि त्यांचा गलका गायकाच्या कानात सोडायचा, हे नवे काम मॉनिटर इंजिनियरकडे आले. तरीही काही गायक एका कानातला इअरफोन काढून ठेवतात आणि उरलेल्या कानातला आवाज वाढवून मागतात. हॉलमधल्या मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. फ्रान्सने २०१७च्या आदेशाने पंधरा मिनिटांच्या सरासरीची मर्यादा १०५ वरून १०२ डेसिबलवर आणली, जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १०० सुचवली. पण हे आकडे प्रेक्षकांसाठी आहेत. वादक आणि तंत्रज्ञ युरोपात कामगारांच्या कानांसाठीच्या निर्देशात येतात. तिथे दैनंदिन मर्यादा ८७ आहे, आणि संगीतक्षेत्राला तयारीसाठी फेब्रुवारी २००८ पर्यंत मुदत द्यावी लागली होती.

डिजिटल मिक्सर आल्यावर जुना वाद नव्या रूपात परतला. फोडणीचा खोका गेला. दोन्ही मिक्सर आता एकाच स्टेजबॉक्सचे (स्टेजवर माईक जोडायच्या खोक्याचे) प्रीअॅम्प, म्हणजे माईकचा क्षीण सिग्नल मोठा करणारे भाग, वापरू लागले. समोरच्याने दोन गाण्यांच्या मध्ये गेन, म्हणजे प्रीअॅम्पमधली वाढ, ३ डेसिबल खाली घेतला की गायिकेच्या कानातला आवाजही तेवढाच पडतो. यावर गेन कॉम्पेन्सेशन आहे, म्हणजे कोणी गेन हलवला तर दुसऱ्याकडे तेवढी भर आपोआप पडते. पण प्रीअॅम्पमध्येच आवाज फाटला असेल तर ती भर काही कामाची नाही. गेन कोणाच्या हातात, हे काही चमू साउंड चेकलाच ठरवून त्यानंतर तो कोणालाच हलवू देत नाहीत. काही जण दुहेरी स्टेजबॉक्स घेऊन पुन्हा जुन्या फोडणीकडे वळले आहेत.

छोट्या बँडमध्ये दुसरा मिक्सर आता फोनमध्ये आहे. वादक स्वतःचे मिक्स स्वतः लावतो. बोटे तारांवर असताना फेडर कोण हलवणार, हा भाग वेगळा. मोठ्या दौऱ्यांवर माणूस अजून उभा आहे, त्याच्या कामात मात्र रेडिओची भर पडली आहे. अमेरिकेत वायरलेस माईकसाठी ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१० मध्ये बंद झाला, ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा बहुतांश भाग २०२० मध्ये मोबाइल सेवांकडे गेला. उरलेल्या जागेत माईक आणि कानांतले रिसीव्हर एकमेकांवर न आदळता बसवायचे, हे काम साउंड चेकच्याही आधी, रिकाम्या स्टेजवर चालते.