नळी वाकवणे

नळी वाकवणे : कमी व्यासाच्या धातूच्या नळीला हातातल्या अवजाराने, शक्यतो थंड अवस्थेत, आतली पोकळी न चेपता बाक देण्याची क्रिया. येथे तांबे, ॲल्युमिनियम, पितळ किंवा पोलादाची साधारण दोन ते सहा सुती नळी अभिप्रेत आहे (१ सूत = १/८ इंच, सुमारे ३.२ मिमी.). अवजाराला कारागीर नुसते ‘बेंडर’ म्हणतात. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत यंत्रांच्या तेलाच्या नळ्यांसाठी आणि शहरभर फ्रीज-एसीच्या कामात ते वापरात आहे.

उगम : धातूची नळी जुनी आहे, वाकवलेली नळी किती जुनी, हा वादाचा विषय. इजिप्तमधील अबुसीर येथे साहुरे राजाच्या पिरॅमिड-मंदिरात (इ. स. पू. सुमारे २५ वे शतक) तांब्याचे नळ मिळाले. जर्मन पुरातत्त्वज्ञ बोर्खार्ट यांच्या १९०७–०८ च्या उत्खननामुळे ते प्रसिद्धीस आले. मात्र ते पत्रा ठोकून गोल केलेले आहेत. भारतीय साधनांत रसरत्नसमुच्चय (सामान्यतः १३ वे शतक मानतात, काही जण थोडे पुढेमागे नेतात) या रसशास्त्राच्या ग्रंथातील तिर्यक्पातन यंत्राचा (पाऱ्याची वाफ करून तो दुसऱ्या घटात उतरवण्याच्या साधनाचा) दाखला देता येतो. त्यात घटाला ‘दीर्घनताधोनाल’ (लांब, ‘नत’, खाली जाणारी नळी) जोडावे असे म्हटले आहे. सारा प्रश्न ‘नत’ या शब्दाचा. ‘वाकलेली’ असा अर्थ घेतला, तर नळी वाकवण्याचे कसब तेव्हा अवगत होते असे म्हणता येते. ‘झुकलेली, उतरती’ असा घेतला, तर सरळ नळी तिरकी बसवली की काम भागते. यंत्राच्या नावातच ‘तिर्यक्’, म्हणजे तिरपे, असल्याने दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. शिवाय ही नाल धातूचीच होती असे त्या शब्दांतून निघत नाही.

जुन्या नाशकातील तांबट आळीशी या कामाचे नाते जोडण्याचा मोह होतो. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांची नोंद १८८३ च्या जिल्हा गॅझेटिअरमध्येही आहे. परंतु तांबटाचे काम मुळात पत्र्याचे: ठोकणे, खोलगट करणे, झाळणे. झारीची बाकदार तोटी सहसा पत्रा घडवून, कडा झाळून होते. तयार नळीला बाक दिलेला नसतो. युरोपात मात्र न्यूरेंबर्गचे ट्रम्पेट घडवणारे कारागीर १६ व्या–१७ व्या शतकांत नळीत शिसे किंवा राळ भरून ती वाकवत. हातबेंडर त्याच्याही पुष्कळ नंतरचा असावा. त्याच्या खोबणीत एकसारख्या व्यासाची आणि जाडीची नळीच नीट बसते. अशा सांधारहित पोलादी नळ्या जर्मनीतील मानेसमान बंधूंच्या पद्धतीनंतर (१८८५ च्या सुमारास) विपुल होऊ लागल्या. म्हणून बेंडरचे मूळ तांबटाच्या हातोडीपेक्षा कारखान्यातील सांधारहित नळीत शोधणे अधिक बरोबर.

क्रिया : बाकाची बाहेरची बाजू ताणून पातळ होते, आतली दबून तिला सुरकुत्या पडतात आणि गोल छेद लंबगोल होऊ पाहतो. बेंडर नळीला दोन्हीकडून खोबणीत धरून हे थोपवतो. अंशांच्या खुणा असलेला गोल साचा, नळी अडवणारा आकडा आणि दुसऱ्या दांड्यावरचा खोबणीचा ठोकळा एवढेच त्याचे भाग. तीन सुती (९.५ मिमी.) नळीच्या साच्याची त्रिज्या नळीच्या मध्यरेषेवर बहुधा १५/१६ इंच, म्हणजे २३.८ मिमी., असते. या त्रिज्येवर बाहेरची कड हिशेबाने २० टक्के ताणली जाते. काटकोनाच्या बाकात नळी ३७.४ मिमी. खर्च होते, कोपरा टोकदार धरून मोजले तर ४७.६ मिमी. येतात. हा सुमारे १० मिमी.चा फरक वजा न करता कापलेली नळी दर बाकामागे तेवढी लांब भरते. नवशिक्याच्या हातून चार बाकांची नळी बसत नाही ती बहुतेक याच कारणाने.

बेंडरच्या ठोकळ्यावर ‘एल’ आणि ‘आर’ अशा दोन खुणा असतात. मोजलेले टोक आकड्याच्या डावीकडे असेल तर नळीवरची रेघ ‘एल’शी, उजवीकडे असेल तर ‘आर’शी जुळवायची. मग दांडा झटका न देता एका दमात ओढायचा. सोडल्यावर नळी थोडी मागे येते; तांब्यासाठी दोन-तीन अंश जास्त घ्यावे लागतात, स्टेनलेस पोलादासाठी त्याहूनही जास्त. जास्त वाकलेली नळी उलटी सरळ करू नये. वाकताना तांबे कडक झालेले असते आणि परत वाकवताना ते हमखास चेपते.

गुंडाळीतून येणारे तांबे नरम असते, सरळ लांबीतले कडक. कडक नळी बाकाच्या जागी मंद लाल तापवून नरम करतात. पोलाद पाण्यात विझवल्याने कडक होते, तांबे तसे होत नाही, त्यामुळे ते विझवले काय, तसेच निवू दिले काय, सारखेच. नळीत वाळू भरून तापवायची असेल तर वाळू अगोदर भाजून कोरडी करतात. ओलाव्याची वाफ बंद नळी फोडू शकते.

नाशिकमधील वापर : ओझर येथे १९६४ मध्ये मिग विमानांसाठी कारखाना स्थापन झाला. विमानातील हायड्रॉलिक तेलाच्या नळ्यांना बाकाची अचूकता आणि छेदाची गोलाई दोन्ही लागतात, त्यामुळे तेथे काटेकोरपणा अधिक. द्राक्षपट्ट्यातील शीतगृहांची गोष्ट वेगळी. मोठ्या शीतगृहात गारव्यासाठी अमोनिया वायू वापरला असेल तर तांबे चालतच नाही. ओलावा मिळाला की अमोनिया त्याला खातो. तेथे पोलादी पाइपला तयार बेंड वेल्डिंगने जोडतात, आणि हातबेंडर छोट्या, फ्रिऑनवर्गीय वायूंच्या यंत्रांपुरता उरतो. घरोघरी एसी बसवणारा कारागीर दोन सुती नरम नळी बेंडर न काढताही अंगठ्यांवर वाकवतो. बाक मोठा असेल तर ते खपते. भिंतीच्या कोपऱ्यालगत मात्र त्यालाही पिशवीतून बेंडर, निदान नळीवर चढवायची स्प्रिंग, काढावी लागते.