रेडिएटर इंजिनापेक्षा उंच हवाच का? एक खुलासा

"इंजिन बदललंस ना, मग रेडिएटर इंजिनाच्या वरच बसव, नाहीतर पाणी फिरणार नाही." नागपुरात जुन्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये हे कित्येक वर्षं ऐकतोय. हे खरं नाही. त्यापायी लोक पद्मिनी गाडीचं चांगलं बॉनेट कापतात, याचं मनापासून वाईट वाटतं.

फोर्डच्या बहुतेक मॉडेल टी गाड्यांत पाणी फिरवणारा वॉटर पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरायचं. तिथे उंची लागायचीच. पंप आला आणि ती अट संपली. रेडिएटर खाली, तिरपा, अगदी डिकीतसुद्धा चालतो, वारा मिळाला म्हणजे झालं.

उंच हवी ती पाणी भरायची जागा. प्रेशर कॅपची (दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाची) टाकी सगळ्यांत वर ठेवा आणि इंजिन हेड (इंजिनाचा वरचा भाग) व रेडिएटर, दोन्हींच्या वरच्या टोकांपासून तिच्यात बारीक पाइप न्या. नाहीतर हेडमध्ये हवा अडकते, तापमानाचा काटा अचानक चढतो, आणि दोष रेडिएटरच्या जागेला मिळतो.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा फटी जास्त नडतात. रेडिएटरच्या कडेला बोटभर फट असली तरी वारा रेडिएटरची जाळी सोडून तिथूनच पळतो. तिथे रबराची पट्टी लावा, पंख्याभोवती श्राउड (वारा जाळीतूनच ओढला जावा म्हणून लावायचं कडं) बसवा. आणि बॉनेटला कटर लावण्याआधी, इंजिन पूर्ण गार असताना, टाकीचं झाकण उघडून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबून बघा. बुडबुडे आले तर आधी हवा काढा.