प्रस्ताव १७२ (कॅलिफोर्निया)

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्थानिक पोलीस, अग्निशमन व तत्सम सेवांसाठी राखून ठेवलेला अर्धा टक्का विक्रीकर आणि तो कायम करणारी घटनादुरुस्ती. राज्याच्या विधिमंडळाने मांडलेला हा प्रस्ताव मतदारांनी २ नोव्हेंबर १९९३ रोजी मंजूर केला. राज्याने स्थानिक सुरक्षेला दिलेला निधी अशी त्याची ओळख असली, तरी तो मुळात भरपाईचा पैसा आहे.

ही भरपाई कशाची, हे कळायला १९७८ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव १३ ने मालमत्ता कर मालमत्तेच्या निर्धारित मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला. काउंट्या (राज्याचे जिल्ह्यासारखे प्रशासकीय विभाग) व शहरे यांचे हक्काचे उत्पन्न आटले आणि करवाटपाची किल्ली विधिमंडळाच्या हाती गेली. पुढे १९८८ च्या प्रस्ताव ९८ ने शाळांना किमान निधीची हमी दिली. ही हमी राज्याची तिजोरी आणि स्थानिक मालमत्ता कर या दोहोंतून भागवली जाते. म्हणजे मालमत्ता कराचा एक डॉलर शाळांकडे वळवला, की बहुतेक वर्षी राज्याचा एक डॉलर वाचतो. १९९० च्या दशकारंभी मंदीत तूट वाढली तेव्हा राज्याने नेमके हेच केले. १९९३-९४ च्या अर्थसंकल्पात सुमारे २.६ अब्ज डॉलरचा मालमत्ता कर काउंट्या, शहरे व विशेष जिल्ह्यांकडून (अग्निशमन, पाणी अशा एखाद्या सेवेसाठीच्या स्थानिक संस्था) काढून शाळांच्या खात्यात टाकण्यात आला.

शेरीफ (काउंटीचे पोलीसप्रमुख) आणि अग्निशमन प्रमुख ओरडू लागले. त्यावर काढलेला तोडगा हुशारीचा होता. १९९१ पासून एक तात्पुरता अर्धा टक्का विक्रीकर चालू होता. त्याची मुदत ३० जून १९९३ ला संपायची होती, ती वर्षअखेरपर्यंत लांबवली आणि पुढे तो कायम ठेवावा का, असे मतदारांना विचारले. त्यामुळे ‘हो’ म्हटले तरी ग्राहकाच्या बिलात एका पैशाची वाढ होणार नव्हती. गव्हर्नर पीट विल्सन यांचा पाठिंबा होताच. त्यात मतदानाच्या आठवडाभर आधी लगूना बीच येथे वणव्यात शेकडो घरे भस्मसात झाली आणि मतदानाच्याच दिवशी मालिबूजवळच्या डोंगरांत दुसरा वणवा पेटला. अग्निशमन दलाला पैसे हवेत, हे त्या दिवशी कुणाला पटवून द्यावे लागले नाही.

मिळालेला पैसा आणि गमावलेला पैसा मात्र सारखा नव्हता. या करातून सुरुवातीला वर्षाला दीड अब्ज डॉलरच्या आसपास येत होते. शिवाय वाटपाचा मोठा वाटा, सुमारे ९४ टक्के, काउंट्यांना जातो. प्रत्येक काउंटीचा हिस्सा तिथल्या करपात्र विक्रीच्या प्रमाणात ठरतो. गुन्हे किंवा लोकसंख्या यांचा त्यात विचार नाही. मोठे मॉल असलेल्या काउंटीला त्याचा लाभ होतो, डोंगराळ काउंटीच्या वाट्याला थोडेच येते.

कायद्यातील ‘सार्वजनिक सुरक्षा’ या संज्ञेत शेरीफ, पोलीस, अग्निशमन, काउंटीचे सरकारी वकील, काउंटीचे तुरुंग, इतकेच नव्हे तर समुद्रकिनाऱ्यावरचे जीवरक्षकही येतात. न्यायालये स्पष्टपणे वगळली आहेत. हा पैसा आला म्हणून काउंटीने स्वतःचा सुरक्षेवरचा खर्च आखडता घेऊ नये, यासाठी १९९२-९३ हे आधारवर्ष धरून खर्चाची किमान पातळी राखण्याची अट १९९४ मध्ये घालण्यात आली. तरी काउंटीच्या आत कोणाला किती, हे ठरवते काउंटीचा कारभार पाहणारे पर्यवेक्षक मंडळच, आणि अनेक ठिकाणी अग्निशमन जिल्ह्यांची तक्रार राहिली, की मते वणव्याने मिळवली आणि पैसा तुरुंगांनी नेला.

राज्याने स्थानिक सुरक्षेला पैसा देण्याचा मार्ग पुढेही वापरला गेला. १९९६ मध्ये आघाडीच्या पोलीस सेवेसाठी लोकसंख्येनुसार दिले जाणारे १० कोटी डॉलरचे वार्षिक अनुदान सुरू झाले. २०११ मध्ये कमी गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांची जबाबदारी काउंट्यांकडे सोपवताना राज्याने विक्रीकराच्या दरातील १.०६२५ टक्के बिंदूंचे उत्पन्न सोबत दिले. नोव्हेंबर २०१२ च्या प्रस्ताव ३० ने त्याला घटनात्मक संरक्षण मिळाले. विक्रीकराची अडचण म्हणजे तो बाजारासोबत खालीवर होतो. २००८-०९ च्या मंदीत खरेदी मंदावली तशी प्रस्ताव १७२ ची आवकही घसरली. शेरीफच्या पगारपत्रकात मात्र घट होत नव्हती.

राज्यातील विक्रीकराचा किमान दर आज ७.२५ टक्के आहे. १०० डॉलरच्या करपात्र खरेदीवर द्याव्या लागणाऱ्या ७.२५ डॉलरपैकी ५० सेंट प्रस्ताव १७२ चे असतात. पावतीवर ते वेगळे दाखवलेले नसतात.